काठ

मंगळवारी मी ट्रॉयच्या लायब्ररीत, तळघरात बसते.
पगार नाही. गळ्यात ओळखपत्र आहे, त्यावर हॅटी.
माणसं वरच्या दारात बर्फ झाडतात आणि खाली येतात,
आपलं कोणी सापडतं का पाहायला.

एमेट बँक्स तिसऱ्यांदा आला.
टपाल वाटून निवृत्त, पण पायांना अजून कळलेलं नाही,
खुर्चीत बसूनही टाचा हलवत राहतो.
"आडनाव बँक्स, आणि आजोबांपर्यंत
बँकेत खातं कोणाचंच नव्हतं,"
हा त्याचा विनोद. त्याच्या बापाचाही हाच होता म्हणे.

आयर्लंडहून फारसं काही मिळणार नाही,
हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय.
तिकडची जुनी शिरगणती बहुतेक जळाली.
उरलं ते इकडे, निघून आलेल्यांच्या मागे मागे.

१८५५. होनोरा ब्रोहान, विधवा,
कॉलरी धुते, खळ घालते, इस्त्री करते.
पाच वर्षांनी तीच ब्रोगन.
चर्चच्या लॅटिन वहीत होनोरिया, पुढे नुसता डाग,
शाईचा की दिव्याच्या तेलाचा.
आणि मग एकदम बँक्स.
मध्ये पायरीच नाही.

"कोणीतरी कारकून," एमेट म्हणतो, "कानात बोळे घातलेला."
इथे येणाऱ्या प्रत्येकाला एक कारकून हवा असतो.

मी कोश काढला. आयरिशमध्ये ब्रुआख म्हणजे काठ,
नदीचा, खड्ड्याचा, कशाचाही.
आणि काठ म्हणजे इंग्रजीत बँक.
ऐकण्यात चूक नव्हती तर. कोणीतरी भाषांतर केलं होतं.
आमच्याकडे असतास तर काठे झाला असतास, मी म्हटलं.
त्याने दोनदा म्हणून पाहिलं, काते, काते.
ठ काही त्याच्या तोंडात मावेना.

मग ती वही आली, बचत बँकेची,
सह्यांची, कातडी पाठ सुटलेली.
मार्च १८६८. मॅलकी बँक्स, वय एकवीस,
ओतशाळेत कामाला. जमा अकरा डॉलर.
सही त्याचीच, घोटून घोटून कमावलेली,
बीची दोन्ही पोटं अशी फुगवलेली
की मास्तरांनी वर्गात दाखवावी.
खाली आईची खूण, एक फुली,
आणि फुलीच्या दोन्ही अंगांना कारकुनाचं घाईचं अक्षर:
होनोरा
ब्रोहान.

एकाच टेबलाशी, एकाच सकाळी, मायलेक,
आणि कारकुनाने नीट ऐकलं होतं.

एमेटच्या टाचा थांबल्या.
"पोरगं लाजलं असेल," तो म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने, "एकवीस म्हणजे काही पोरगं नाही."

मी काय बोलणार.
नागरिकत्वाच्या माझ्या फॉर्मवर एक चौकोन होता,
नाव बदलायचं आहे का?
कोणी जबरदस्ती केली नाही. पेनसुद्धा माझंच होतं.
हातिवलेकरमधलं अख्खं हातिवले,
चिऱ्याच्या गडग्यांसकट, विहिरीसकट,
मी इंग्रजीच्या चार अक्षरांत कोंबलं.
कर तर कधी गळालं कळलंही नाही.
मुलाच्या मित्रांना वाटतं, आमच्या घराण्यात टोप्या शिवायचे.
मोठा झाला की सांगेन म्हणत होते.
झाला तो मोठा.

फोटोकॉपी, पानाला पंचवीस सेंट.
पावतीवर नाव लिहिताना एमेट बीपाशी अडला
(बी दोन्ही नावांत आहे),
मग बँक्सच लिहिलं. दुसरं काय लिहिणार.
कोट चढवता चढवता म्हणाला,
ती फुली तेवढी मोठी करून मिळेल?

मी मशीनवर दोनशे टक्के दाबलं.
कागद ऊन ऊन बाहेर आला.
फुलीच्या एका पायाला शाई जास्त आहे,
तिथे ती पेन टेकवून थोडी थांबली असावी.